माझं नाव माहीत नसलेलं मशीन

मंगळवार. स्टॉकपोर्टात ऊन पडलंय,
म्हणजे दोनपर्यंत तरी टिकेल.
दोरी बांधून झाली, चिमटे मोजून झाले,
आणि मशीन म्हणतं, थांबा,
अपडेट चालू आहे. एकोणचाळीस टक्के.

आत दोन चादरी, चार परकर,
आणि सुहृद नाताळात विसरून गेला तो शर्ट.
दार कुलूपबंद.
शर्टाची एक बाही काचेला टेकलीय,
सुटत्या बसमधून कुणी निरोप घ्यावा तशी.

अतिशहाण्याचा बैल रिकामा, म्हणतात.
माझा भरलेला आहे. ओल्या कपड्यांनी.
आणि जागचा हलत नाही.

यंत्रांना भिणाऱ्यांतली मी नव्हे.
इथल्या इस्पितळात एकतीस वर्षं रक्त तपासलं,
सेंट्रिफ्यूजच्या नुसत्या घरघरीवरून सांगायचे
कुठली नळी नीट बसली नाही.
पण त्याने कधी विचारलं नाही
मला किती तारे द्याल म्हणून.

आता फ्रिज फोनला सांगतो, दूध संपलं.
संपलेलं नसतं,
मी ते चहाच्या भांड्यात ओतलेलं असतं.
टीव्ही विचारतो, अजून बघताय ना?
नाही रे बाबा, डोळा लागला होता,
आता तोही उघडला.
आणि दातांचा ब्रश, रोज सकाळी, न चुकता:
खाली डावीकडे कमी घासलंत.
तिथे दात नाही. दोन हजार अकराला काढला.
हे ब्रशला कोण सांगणार, आणि का सांगायचं?

दाराची घंटीही डोळस आहे, सुहृदनेच बसवली.
परवा पावसात दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावर टोपडं,
किल्ली शोधतेय तर पर्समध्ये फोन थरथरला:
तुमच्या दाराशी अनोळखी व्यक्ती.
खरं सांगते,
मी मागे वळून पाहिलं.

काल दुकानात गेले. कॅलम नावाचा मुलगा,
गळ्यात पट्टा, हनुवटीवर कोवळी दाढी.
म्हटलं, पाणी घेईल, कपडे घुसळेल,
पाणी सोडेल आणि गप्प बसेल, असं दाखव.
माझं नाव माहीत नसलेलं.
त्याने दोन रांगा पालथ्या घातल्या.
‘असायचं तसं,’ म्हणाला,
गेलेल्या माणसाबद्दल बोलावं त्या आवाजात.
मग इकडेतिकडे बघून, हळूच:
‘आमच्या घरी आहे एक. आई विकणार नाही.’

शेजारचे एंट्विसल बस डेपोत मेकॅनिक होते.
त्यांच्या शेडमध्ये रेडिओ आहे, दोन कान असलेला:
एक पिळला की आवाज, दुसरा पिळला की गाव बदलतं.
मला म्हणाले, लावून बघा.
टक.
एवढंच. एक अक्षर, आणि बोलणं पूर्ण.
बिघडतो का हो कधी?
‘दोनदा. उघडला, आत काय ते दिसलं, नीट केला.’
आत काय ते दिसलं!
हे वाक्य मी घरापर्यंत जपून आणलं,
अंडी आणावीत तसं.

गैरसमज नको. धुणं घेऊन मला नदीवर जायचं नाही,
मर्सी नदी थंड आहे आणि गुडघे माझे आहेत.
मला मशीनच हवंय.
फक्त ते मशीन असावं,
भोचक पाहुणा नसावं,
जो कपाटं उघडून बघतो
आणि गावभर सांगत सुटतो, यांच्याकडे परकर किती.

पावणेदोन. ढग आले, वेळेच्या आधी.
शंभर टक्के.
धन्यवाद वसुमती, झळकलं पडद्यावर,
आजचा अनुभव कसा वाटला?

खाली वाकले. कमरेत कळ आली.
भिंतीवरचं बटण
टक.

दार उघडलं नाहीच.
पण गप्प झालं.